शेजार पाहून ठेवायचा माल

मागच्या खेपेला आपण पनवेलच्या जुन्या खाडीबंदराबद्दल बोललो होतो. भात, मीठ, बैलगाडीची चाकं असा माल इथून बाहेर जायचा, ती गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळजणींना आवडली. आज त्याच समुद्रावरून, आणि आता आपल्या डोक्यावरून विमानानंही, जाणाऱ्या एका वेगळ्या मालाची गोष्ट सांगायची आहे. ती सांगावीशी वाटली त्याचं कारण आमच्या गटातच घडलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाला एका गोदामातून काम मिळालं. वापरून झालेले निळे ड्रम टेंपोनं यायचे. त्यांच्यावरची लेबलं खरवडून काढायची, ड्रम आतून-बाहेरून धुवायचे आणि उन्हात पालथे घालायचे. ड्रममागे १२ रुपये. काम दाराशी, दुपारच्या वेळात होणारं, म्हणून सगळ्या खूश होत्या. काही ड्रमांच्या तळाला मिठासारखे पांढरे खडे चिकटलेले असायचे. ते आम्ही ओल्या गोणपाटानं पुसून काढायचो. वास नाही, हात चुरचुरत नाही, म्हणजे यात काही वाईट नाही, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

एका संध्याकाळी गटातल्या एका ताईंनी त्यातलंच एक वाळलेलं गोणपाट चुलीवरचं पातेलं उतरवायला हातात घेतलं. गोणपाट पेटलं तर कसं धुमसतं ते आपल्याला माहीत आहे. हे तसं धुमसलं नाही. फुलबाजी पेटावी तसं सर्रकन पेटत गेलं. पदरानं पेट घेतला, उजवा हात मनगटापर्यंत भाजला. सासूबाईंनी धावत येऊन गोधडी टाकली आणि दाबून धरली. कुणीही असतं तरी तेच केलं असतं. पण गोधडीखाली ते जळतच राहिलं, गोधडीला भोक पडलं. शेवटी शेजारच्या वहिनींनी पाण्याचा हंडा उपडा केला तेव्हा विझलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, गोणपाटावर काय होतं? आम्हाला सांगता येईना. ड्रमवर लिहिलेलं होतं, पण ते आम्हीच खरवडलं होतं, ड्रममागे १२ रुपये घेऊन.

ताईंचा हात बरा झाला, दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. त्या दिवसानंतर आम्ही कचऱ्याच्या ढिगात लेबलं शोधायला लागलो. एक अर्धवट सापडलं. पिवळं, टोकावर उभा केलेला चौकोन, आत एक गोल, गोलाच्या डोक्यावर ज्योत आणि खालच्या कोपऱ्यात ५.१ हा आकडा. आमच्या एका मैत्रिणीचा भाऊ न्हावा-शेव्याला कस्टमच्या कामासाठी एजंटाकडे नोकरीला आहे. त्यानं फोटो पाहून एका शब्दात सांगितलं, "ऑक्सिडायझर." आणि मग म्हणाला, "तुम्हाला हे चुलीजवळ ठेवायला दिलं कुणी?"

शाळेच्या पुस्तकात याला ऑक्सिडक म्हटलेलं असतं. आपण फुंकणीवरून समजून घेऊ. चूल पेटायला जळण लागतं, ठिणगी लागते आणि हवा लागते. हवेतला फक्त पाचवा हिस्सा ऑक्सिजन असतो, आणि जाळ त्याच्यावर जगतो. म्हणून फुंकणी मारली की निखारा फुलतो आणि कढईवर झाकण टाकलं की पेटलेलं तेल विझतं. ऑक्सिडायझर म्हणजे पुडीत बांधलेली फुंकणी समजा. त्याच्या पोटात ऑक्सिजन कोंडलेला असतो. ते स्वतः बहुतेक वेळा जळत नाही. पण लाकूड, कापूस, तेल, कागद, साखर असं काही जळणारं त्याच्या शेजारी आलं आणि उष्णता मिळाली, की ते जळणाऱ्याला आतून हवा पुरवतं. त्याच्यावर गोधडी टाकून उपयोग नाही, कारण बाहेरची हवा त्याला नकोच असते.

यातली बरीच मंडळी आपल्या ओळखीची आहेत. ग्रामपंचायतीत पाण्याच्या टाकीत घालायची टीसीएल पावडर ऑक्सिडायझर आहे. विहिरीत टाकायचं लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, तेही. ठिबकमधून सोडायचं १३:०:४५ खत, पार्लरमधल्या मैत्रिणींच्या बाटलीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड, फटाक्याच्या दारूतला सोरा, काडेपेटीच्या गुलातलं क्लोरेट, सगळी त्याच घरातली. यांना वाईट म्हणू नका. टीसीएलनं किती गावांतला पटकीचा फेरा थांबवला ते आपल्या आज्यांना विचारा. फक्त पंचायतीच्या खोलीत टीसीएलच्या गोणीशेजारी डिझेलचा कॅन किंवा संडास धुवायचं अ‍ॅसिड ठेवलेलं दिसलं, तर दोन्ही वेगळ्या जागी ठेवायला सांगा. टीसीएलमध्ये अ‍ॅसिड मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो.

आपला पनवेल तालुका या मालाच्या वाटेवर बसलेला आहे. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत नायट्रिक अ‍ॅसिड आणि अमोनियम नायट्रेट तयार होतं. अमोनियम नायट्रेट देशभरातल्या खाणींत सुरुंगासाठी जातं. पलीकडं रसायनीला १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्यात नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनू लागलं. ते इस्रोच्या रॉकेटमधलं ऑक्सिडायझर आहे. रॉकेट जिथं जातं तिथं हवा नाही, म्हणून जळणासोबत ही फुंकणीही बरोबर न्यावी लागते. टीव्हीवर रॉकेट सुटताना पाहून आपण टाळ्या वाजवतो, त्यात थोडं रसायनीचंही आहे हे आम्हालाही अलीकडेच कळलं. खाली न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. जमिनीसाठीचं जासई-दास्तान फाट्याचं आंदोलन आपल्या घराघरात माहीत आहे, ती गोष्ट वेगळी आणि मोठी. कोल्ही, कोपर, चिंचपाड्याच्या मैत्रिणींची घरं ज्याच्यासाठी हलली, तो विमानतळही २०२५च्या डिसेंबरात सुरू झाला. म्हणजे हा माल बनवणारे, साठवणारे, बोटीत आणि विमानात चढवणारे, सगळे आपल्या पंचक्रोशीत आले. त्याचे नियम मात्र फार लांबून आलेत, आणि एकेका नियमामागं एकेक आग आहे. त्यातली एक फार मोठी आपल्या समोरच्याच बंदरात लागली होती.

१४ एप्रिल म्हटलं की आपल्याला बाबासाहेबांची जयंती आठवते. अग्निशमन दलाच्या लोकांना त्याच तारखेला १९४४ सालची मुंबई आठवते. दुसरं महायुद्ध चालू होतं. 'फोर्ट स्टायकिन' नावाची मालवाहू बोट फेब्रुवारीत इंग्लंडहून निघाली, कराचीला थांबली आणि १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागली. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, विमानांचे सुटे भाग आणि ३१ पेट्यांत सोन्याच्या विटा. हे सगळं इंग्लंडहून आलेलं. कराचीत काही माल उतरला, तिथं रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या ८,७०० गासड्या भरल्या. शिवाय तेलाचे ड्रम, लाकूड, मासळीचं खत. स्फोटकांच्या वरच्या आणि खालच्या थरांत कापूस गेला.

दारूगोळा म्हणजे नेमका ऑक्सिडायझर नव्हे, पण त्यातही ऑक्सिजन आतच भरलेला असतो, म्हणून ती चुलत भावंडं धरा. कापूस त्यांच्या शेजारी ठेवू नये हे त्या काळीही माहीत होतं. एरवी स्फोटकांची बोट बाहेर समुद्रात उभी करून होड्यांनी माल उतरवायची पद्धत होती. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लाल बावटाही लावायचा असतो. युद्धाच्या घाईत हे सगळं बाजूला राहिलं. बोट थेट गोदीत आली, बावटा लागला नाही. दोन दिवस इतर माल उतरत राहिला आणि दारूगोळा आतच राहिला.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमाराला दुसऱ्या क्रमांकाच्या फाळक्यातून धूर दिसला. आग नेमकी कशानं लागली, बिडीनं की आणखी कशानं, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. अग्निशमन दल आलं, पाण्याचा मारा सुरू झाला. कापूस आतल्या आत धुमसत होता, आग नेमकी कुठं आहे तेच सापडेना. बोट समुद्रात नेऊन बुडवायची की जागेवरच विझवायची याचा खल चालला. चार वाजून ६ मिनिटांनी बोट फुटली. २८ मिनिटांनी दुसरा स्फोट झाला, तो पहिल्याहून मोठा. पार शिमल्याच्या भूकंपमापकानं त्याची नोंद केली. जळत्या गासड्या आकाशातून मांडवी, मशीद बंदरच्या वस्तीवर पडल्या आणि गोदामांना, चाळींना आगी लागल्या. सोन्याची एक वीट मैलभर लांबच्या घराचं छप्पर फोडून आत आली. घरमालकानं ती परत केली.

मेलेल्यांचा खरा आकडा कधीच कळला नाही. ८०० ते १,३०० असा अंदाज सांगतात. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. बोटीत काय आहे याची पुरती कल्पना यायच्या आतच ते शिड्या लावून वर चढले होते. म्हणूनच १४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सप्ताह असतो. भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे, मुंबईला गेलात तर पाहा. गोदीतल्या हमालांची मात्र नावानिशी यादी नाही. कोकणातून, घाटावरून पोटासाठी गेलेली ती माणसं. आपल्यापैकी कुणाच्या घरी "अमका गोदीत गेला तो परत आला नाही" अशी आठवण असेल तर रेडिओवर येऊन जरूर सांगा.

आपण रेडिओवर बोलतो आहोत म्हणून एक गोष्ट खास सांगतो. युद्ध चालू असल्यानं सरकारनं ही बातमी दाबून ठेवली होती. जगाला ती पहिल्यांदा कळली दुसऱ्या दिवशी, जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून. मुंबईच्या वार्ताहरांना बातमी बाहेर पाठवायची परवानगी मे महिन्यात मिळाली. ढिगारा उपसायला सात महिने लागले.

तीन वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ ला, अमेरिकेतल्या टेक्सास सिटी नावाच्या बंदरात 'ग्रँडकँप' या बोटीत आग लागली. यावेळी माल खरोखरच ऑक्सिडायझर होता, कागदी पिशव्यांत भरलेलं २,३०० टन अमोनियम नायट्रेट. त्या काळी त्याच्याकडे शेतीचं खत म्हणूनच पाहायचे. कॅप्टननं काय करावं? पाणी मारलं तर माल भिजून वाया जाईल, म्हणून त्यानं फाळके बंद करायला लावले आणि आत वाफ सोडली. हवा तोडली की आग विझेल, असा हिशेब. सासूबाईंची गोधडी तीच. मालाला बाहेरच्या हवेची गरज नव्हती, वाफेनं उलट तो आणखी तापला. सव्वानऊच्या सुमाराला बोट उडाली. दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारची 'हाय फ्लायर' उडाली, तिच्यातही अमोनियम नायट्रेट होतं आणि सोबत गंधक. ५८१ माणसं गेली. गावच्या अग्निशमन दलातले जवळजवळ सगळे त्यात होते. आज ऑक्सिडायझरच्या आगीवर भरपूर पाणी मारा, झाकून कोंडू नका, असं शिकवतात. तो धडा त्या गावानं दिलेला आहे. आम्हाला तो माहीत असता तर हंडा आधी उचलला असता.

विमानाची गोष्ट थोडी वेगळी. बोटीला आग लागली तर होडीत उतरता येतं. विमानात उतरायला जागा नाही. ३ नोव्हेंबर १९७३ ला न्यूयॉर्कहून पॅन अ‍ॅम कंपनीचं एक मालवाहू विमान निघालं. त्यात रसायनं होती, त्यात नायट्रिक अ‍ॅसिडही होतं. अ‍ॅसिड काचेच्या बाटल्यांत, बाटल्या लाकडी पेट्यांत, आणि बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधल्या फटीत लाकडाचा भुसा. आपणही लोणच्याच्या बरण्या प्रदर्शनाला पाठवताना भुसा, पेंढा, वर्तमानपत्रं घालतोच की. त्यामुळे पेट्या भरणाऱ्यांवर आम्हाला हसता येत नाही. काही पेट्या आडव्या ठेवल्या गेल्या, बाटलीतून अ‍ॅसिड पाझरलं, भुशात उतरलं. नायट्रिक अ‍ॅसिड हेही ऑक्सिडायझर आहे. भुसा तापला आणि पेटला. धूर वैमानिकांच्या खोलीत शिरला, त्यांना समोरचं दिसेना. बॉस्टनच्या विमानतळावर उतरता उतरता विमान कोसळलं आणि आतले तिघेही गेले.

त्या तिघांमुळे भुशाचा नियम पक्का झाला. ऑक्सिडायझरच्या पेटीत भरण म्हणून जळणारी कोणतीही वस्तू चालत नाही. व्हर्मिक्युलाइट नावाचं, भाजून लाह्यांसारखं फुगवलेलं अभ्रकासारखं खनिज वापरतात. ते सांडलेलं शोषून घेतं आणि पेटत नाही. पेटीला उभी ठेवण्याचे बाण लावावे लागतात. पेटी मंजूर व्हायच्या आधी ती उंचावरून आपटून पाहतात, मध्यम धोक्याच्या मालासाठी १.२ मीटरवरून, म्हणजे साधारण आपल्या छातीएवढ्या उंचीवरून. फुटली तर ती पेटी बाद. आणि पाठवणाऱ्यानं सही करून लिहून द्यावं लागतं की आत काय आहे, किती आहे.

सही करणाऱ्याला आतलं माहीत नसेल तर काय होतं, ते १९९६ च्या मे महिन्यात दिसलं. अमेरिकेतच मायामीहून निघालेल्या व्हॅल्यूजेटच्या प्रवासी विमानात पाच खोकी चढवली. विमानात प्रवाशांच्या डोक्यावर ऑक्सिजनचे मुखवटे असतात, त्यांना ऑक्सिजन पुरवणाऱ्या जुन्या नळ्या त्या खोक्यांत होत्या. आत क्लोरेट भरलेलं, खटका ओढला गेला की ते तापतं आणि ऑक्सिजन सोडतं. खटक्याला लावायच्या टोप्या लावलेल्या नव्हत्या. कागदावर लिहिलं होतं, नळ्या रिकाम्या आहेत. शेजारी विमानाची रबरी चाकं होती. विमान दलदलीत कोसळलं, ११० माणसं गेली. 'रिकामं' हा शब्द आम्ही तेव्हापासून जपून वापरतो. आमचे ड्रमही रिकामेच होते.

नियम हळूहळू बांधले गेले. समुद्रासाठी धोकादायक मालाची आंतरराष्ट्रीय संहिता १९६५ मध्ये आली, २००४ पासून ती सक्तीची झाली. विमानांचे जगभरचे नियम १९८० च्या दशकात लागू झाले, भारतानं २००३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम केले. सगळ्या धोकादायक मालाचे नऊ वर्ग पाडलेत, ऑक्सिडायझर पाचव्यात. प्रत्येक रसायनाला चार आकडी नंबर असतो. अमोनियम नायट्रेटचा १९४२, परमँगनेटचा १४९०. भाषा कळली नाही तरी नंबरावरून जगातल्या कुठल्याही बंदरात माल ओळखता येतो. बोटीवर कोण कुणाच्या शेजारी बसेल याचा एक मोठा तक्ता असतो, आपल्याकडे लग्नाच्या पंगतीला कोण कुणाशेजारी बसवायचं नाही याचा हिशेब असतो तसा. ऑक्सिडायझर पेट्रोलपासून लांब, अ‍ॅसिडपासून लांब, इंजिनाच्या गरम भिंतीपासून लांब. विमानात तर बराच माल प्रवासी विमानात चालतच नाही, त्यावर केशरी लेबल लागतं, फक्त मालवाहू विमानासाठी.

पण तक्ता चालतो तो लेबल खरं असेल तर. २०१९ मध्ये थायलंडच्या लाएम छाबांग बंदरात एका कंटेनर बोटीला आग लागली. आत कॅल्शियम हायपोक्लोराइट होतं, आपल्या टीसीएलचंच जहाल भावंड. कागदोपत्री माल होता बाहुल्यांचा. खरं लिहिलं की भाडं जास्त आणि जागा मिळायला वेळ, म्हणून असं लिहिणारे निघतात. बाहुल्या समजून तो माल कुठंही रचला गेला. शंभराहून जास्त लोकांना त्वचेची, डोळ्यांची आग होते म्हणून उपचार घ्यावे लागले.

दुसरी तऱ्हा म्हणजे माल कुणालाच नको असणं. बैरूत शहराच्या बंदरात एका बोटीतून उतरवलेलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट सहा वर्षं गोदामात पडून होतं. ४ ऑगस्ट २०२० ला ते उडालं आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. ती बातमी आली तेव्हा आपल्याकडे शोधाशोध झाली, तर चेन्नईजवळ मनलीच्या कंटेनर स्टेशनात कस्टमनं जप्त केलेलं सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट २०१५ पासून पडलेलं निघालं. घाईघाईनं कंटेनरांतून ते हैदराबादला हलवलं. भारतात या मालासाठी २०१२ पासून वेगळे नियम होते. तरीही तो पाच वर्षं पडून राहिला. कंटेनर स्टेशन म्हणजे काय ते पनवेल-उरणच्या बाईला सांगावं लागत नाही. शाळेत जाणारी पोरं त्यांच्या कुंपणाच्या कडेनंच जातात.

आपल्या समुद्रातही हे घडलं आहे. ७ ऑगस्ट २०१० ला न्हावा-शेव्याहून निघालेल्या 'एमएससी चित्रा'ची 'खलिजिया' बोटीशी टक्कर झाली. शेकडो कंटेनर पाण्यात पडले, काहींत कीटकनाशकं होती. तेल अलिबाग-उरणच्या किनाऱ्याला लागलं. कोळणींच्या पाट्यांतली मासळी कुणी घेईना, लोकांनी मासे खाणंच सोडलं. कंटेनरांत काय आहे याची यादी बंदराकडे होती. पाटी घेऊन बसलेल्या बाईला ती कुणी दाखवली नव्हती. आणि २०२५ च्या जूनमध्ये कोलंबोहून न्हावा-शेव्याकडेच येणाऱ्या 'वान हाय ५०३' बोटीला केरळच्या समोर आग लागली. तिच्यातही धोकादायक मालाचे कंटेनर होते. २२ पैकी १८ खलाशी वाचले, चौघे बेपत्ता झाले. ती इथवर धडधाकट पोचली असती तर तिचे कंटेनर आपल्याच रस्त्यांवरून गेले असते, आणि आपल्या लक्षातही आलं नसतं.

आता ड्रमांचं. गटाच्या बैठकीत दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, काम सोडा. काहीजणी म्हणाल्या, महिन्याचे हजार-बाराशे सोडून खायचं काय? दोघींचंही खोटं नव्हतं. शेवटी ठरलं की काम ठेवायचं, पण लेबल आम्ही काढणार नाही, प्रत्येक मालाचं सुरक्षेचं माहितीपत्रक मराठीत द्यावं, आणि हातमोजे द्यावेत. आम्ही चौघी गोदामात गेलो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, लेबल असलेला ड्रम बाजारात विकला जात नाही. पुढच्या आठवड्यापासून टेंपो आमच्याकडे थांबला नाही. तो आता पलीकडच्या गावात जातो. तिथल्या गटाला आम्ही जाऊन सगळं सांगितलं, ताईंनी हातही दाखवला. त्या ऐकून घेतात, पण त्यांचं काम चालू आहे. त्यांना दोष देणारे आम्ही कोण?

गोणपाटं आता कुणी वापरत नाही. ताईंच्या सासूबाईंनी चुलीशेजारी पाण्याची बादली ठेवायला सुरुवात केली आहे, रात्रीसुद्धा ती भरलेली असते.

एक काम मात्र अजून राहिलं आहे. त्या दिवसांत गटातल्या मैत्रिणींनी ११ ड्रम स्वस्तात घरी नेले होते, पाणी साठवायला. ७ आम्ही परत गोळा केले. दोन सापडतच नाहीत. एक कुणाच्या तरी शेतावर आहे, फवारणीच्या पाण्याला. आणि एक लेकीबरोबर तिच्या सासरी कर्जतला गेला, त्यात तांदूळ भरलेत. तिच्या आईनं फोन केला होता. लेक म्हणाली, आई, ड्रम चांगला आहे गं, त्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही.